अननसाचे रानटी गोत आणि सावित्रीचे खोरे

महाड-पोलादपूरकडच्या परसात, विहिरीच्या कडेला किंवा गडग्याच्या आडोशाला वाढणारा अननस त्या मुलखातील माणसांच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की, ज्या विस्तीर्ण कुळाचा तो एक घटक आहे त्या कुळातील एकही वनस्पती सह्याद्रीच्या कोणत्याही घाटात, किंबहुना संपूर्ण आशिया खंडात, मूळची नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. ज्या मुलखात महिनोन्महिने धो धो पाऊस कोसळतो, आंबेनळीच्या वळणावळणावर धुके खोडांना लपेटून राहते आणि जुन्या आंब्याच्या फांद्या शेवाळाने हिरव्यागार होतात, तेथे हे कुळ का नसावे, आणि ते नाही म्हणून झाडाच्या फांदीवर मोकळी राहिलेली जागा कोणी व्यापली, हा प्रश्न मला अननसाच्या चवीपेक्षाही अधिक रसाळ वाटत आला आहे.

ब्रोमेलिएसी या नावाने शास्त्राच्या दप्तरी दाखल असलेल्या या कुळात आजमितीस साडेतीन हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. स्वीडनचे वनस्पतिज्ञ ओलोफ ब्रोमेलियस यांच्या स्मरणार्थ फ्रेंच धर्मोपदेशक शार्ल प्लुमिए यांनी एका वनस्पतीला ब्रोमेलिया हे नाव दिले, पुढे लिनीयसने ते कायम केले आणि त्यावरून सबंध कुळ ओळखले जाऊ लागले. या कुळाचे वतन उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दक्षिणेस चिली-अर्जेंटिनापर्यंत पसरलेले असून, त्या सरहद्दीबाहेर आढळलेली जात एकच आहे. पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशाच्या फुटा जालोन या डोंगराळ प्रदेशात, खडकांच्या कपारींतून वाढणारी पिटकेर्निया फेलिसियाना ही ती जात होय. अटलांटिक महासागर ओलांडून तिचे पूर्वज तेथे कसे पोहोचले, याचा प्रत्यक्षदर्शी दाखला अर्थातच कोणापाशी नाही; परंतु आनुवंशिक अभ्यासावरून हे स्थलांतर सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दोन्ही खंड एकमेकांपासून दूर गेल्यानंतर फार काळाने घडलेले आहे, असा निष्कर्ष निघतो.

आपल्याकडे आलेला अननस मात्र माणसाच्या हाताने आला. कोलंबसाने १४९३ मध्ये, आपल्या दुसऱ्या सफरीत, ग्वादलूप बेटावर हे फळ पाहिले. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. आणि सतराव्या शतकाच्या प्रारंभी बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात फिरंग्यांच्या बंदरांतून येणाऱ्या या सुगंधी फळाची, आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत त्याचे हजारोंनी पीक निघत असल्याची, आवर्जून नोंद केली. अमेरिकेत अननसाच्या फुलांवर गुंजनपक्षी येतात आणि त्यांनी परपरागण घडविल्यास फळात कठीण बिया धरतात, म्हणूनच हवाई बेटांवर गुंजनपक्षी आणण्यास कायद्याने मनाई केलेली आहे. आपल्याकडे हा पक्षी मुळातच नाही, त्यामुळे कोकणातल्या अननसाला तसल्या बंदोबस्ताची गरज कधी पडली नाही.

या परिचित झाडाचेच एक जून पान तोडून, काटे सांभाळून, उलटे करून पाहावे. वरची बाजू हिरवी, खोलगट आणि पन्हळीच्या आकाराची. खालची बाजू मात्र रुपेरी पांढरी. ती नखाने खरवडली तर नखाखाली पांढरी भुकटी जमते, आणि साध्या भिंगातून पाहिल्यास त्या भुकटीत अतिसूक्ष्म चकत्या दिसू लागतात. ही शल्के या कुळाची खरी दौलत आहेत. प्रत्येक शल्क म्हणजे मृत पेशींची एक चकती, आणि ती चकती मोजक्या जिवंत पेशींच्या आखूड देठावर बसविलेली असते. ज्या जाती झाडांवर किंवा खडकांवर जगतात त्यांच्यात या चकतीचे काम पराकोटीला पोहोचलेले आहे. पाणी पडताच कोरड्या, चेपलेल्या पेशी फुगतात, चकती पानाला सपाट चिकटते आणि पाणी देठाच्या जिवंत पेशींतून आत ओढले जाते. ऊन पडून पान वाळू लागले की त्याच पेशी पुन्हा चेपतात आणि आत गेलेल्या पाण्याची बाहेर पडण्याची वाट बंद होते. पाण्याला आत येण्याची मुभा आहे, बाहेर जाण्याची नाही.

या एका साधनाच्या बळावर या कुळातील काही जातींनी मुळांचा त्यागच केला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ओकच्या फांद्यांवरून करड्या जटांप्रमाणे लोंबणारी टिलँडसिया उस्निऑइडिस ही शेवाळ नव्हे, दगडफूलही नव्हे. ती अननसाची सख्खी भावकी आहे, आणि तिला प्रौढ वयात मुळे नसतात. तिच्याहून आश्चर्यकारक स्थिती पेरूच्या किनारपट्टीवर आहे. तेथील वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, परंतु थंड सागरी प्रवाहावरून हिवाळ्यात दाट धुके जमिनीवर येते, आणि त्या धुक्याच्या वाटेवर मैलोगणती उघड्या वाळूवर टिलँडसियाच्या काही जाती नुसत्या टेकून पडलेल्या असतात. त्यांची मुळे वाळूत शिरलेली नसतात. वाळू त्यांना केवळ बसायला जागा देते, आहार आणि पाणी सर्व हवेतून येते. अँडीज पर्वतात, तीन हजार मीटरांच्याही वर, पुया रायमाँडी नावाची महाकाय जात ऐंशी-शंभर वर्षे पाने काढीत राहते, मग दहा मीटरांपर्यंत उंच असा एकच पुष्पस्तंभ उभारते, लक्षावधी बिया टाकते आणि मरून जाते. एकाच कुळाच्या हातून वाळवंट, हिमशिखरांचा शेजार आणि घनदाट अरण्य अशी तिन्ही ठाणी काबीज झाल्याची उदाहरणे वनस्पतिसृष्टीत फार नाहीत.

पण सावित्रीच्या खोऱ्यात राहणाऱ्या वाचकाला विशेष जवळची वाटेल ती त्यांपैकी तिसऱ्या ठाण्यावरची, म्हणजे अरण्यातील जात. ब्राझील, कोस्टारिका, जमैका येथील पर्जन्यवनांत उंच झाडांच्या फांद्यांवर बसलेल्या ब्रोमेलियाडांची, म्हणजे या कुळातील झाडांची, रुंद पाने बुडाशी एकमेकांना इतकी घट्ट कवटाळतात की, त्यांच्या मधोमध पाण्याचे एक टाके तयार होते. लहान जातींत ते ओंजळभर असते, मोठ्या जातींत त्यात कित्येक लिटर पाणी मावते. वरून पडणारा पालापाचोळा त्यात कुजतो, कीटकांच्या अळ्या आणि बेडकांची पिले त्यात वाढतात, आणि त्या सर्वांच्या विष्ठेतून सुटणारी नत्रयुक्त द्रव्ये झाड आपल्या शल्कांवाटे शोषून घेते. आपल्या अननसातही या वहिवाटीची खूण शिल्लक आहे: त्याच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साचते, तेथे लहान मुळ्या फुटून ते शोषतात, आणि बागाईतदार फुलोरा एकदम यावा म्हणून औषध रोपाच्या पोंग्यात ओततो तो याच गुणावर विसंबून.

जमैकात अशा टाक्यांमध्ये राहणारा एक खेकडा आहे, मेटोपॉलियास डिप्रेसस. त्याच्या मादीचे वर्तन मला या सबंध विषयातील सर्वांत हृद्य गोष्ट वाटते. पिले सोडण्यापूर्वी ती पानाच्या बेचक्यातील कुजका पाला काढून टाकते, जेणेकरून पाण्यातील प्राणवायू वाढावा. जंगलातून गोगलगाईंचे रिकामे शंख आणून ती त्या पाण्यात ठेवते. शंखांतील चुना विरघळून पाण्याचा आंबटपणा कमी होतो आणि पिलांच्या कवचाला लागणारे कॅल्शियम त्यांना मिळते. टाचणी जातीच्या चतुरांच्या अळ्या पिलांना खातात, म्हणून ती त्यांना हुसकून लावते. आणि झुरळे, वाणी असे प्राणी मारून पिलांना भरवते. आपल्या सह्याद्रीतही झाडावर राहणारा खेकडा आहे: केरळच्या दक्षिण टोकाच्या डोंगरांत सापडलेल्या आणि २०१७ मध्ये शास्त्रात दाखल झालेल्या कानी मरंजंडू या जातीचे खेकडे झाडांच्या पाणी साचलेल्या ढोलींत राहतात. सह्याद्रीत ब्रोमेलियाडांचे टाके नाही, म्हणून येथील खेकड्याने झाडाच्या ढोलीचाच आश्रय घेतला.

या टाक्यांचा दुसरा तपशीलही सांगितलाच पाहिजे, कारण निसर्गाचे नुसते कौतुक करून भागत नाही. त्रिनिदाद बेटावर कोकोच्या बागांना सावली मिळावी म्हणून आपल्या पांगाऱ्याच्या जातभाईंची उंच झाडे लावीत, आणि त्या झाडांवर ब्रोमेलियाडांची दाट वस्ती होई. त्यांच्या टाक्यांत ॲनोफेलिस बेलेटर हा डास वाढे आणि बागांतील मजुरांत हिवताप पसरवी. १९४० च्या दशकात कॉलिन पिटेंड्रिघ या जीवशास्त्रज्ञाने झाडाच्या कोणत्या उंचीवर कोणती जात बसते, कोठे किती ऊन पडते, किती दमट हवा असते, याचा बारकाईने अभ्यास केला. डासांचा बंदोबस्त म्हणून झाडांवर मोरचुदाचे पाणी फवारले जाई. ब्रोमेलियाडे मरत आणि सावलीचे झाड सुरक्षित राही. दक्षिण ब्राझीलमध्ये त्याच कारणास्तव ती हातांनी उपटण्यात आली, इतकेच नव्हे तर रानेच्या राने तोडण्यात आली.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे कुळ सह्याद्रीत का नाही? पावसाची कमतरता हे त्याचे कारण नव्हे. महाबळेश्वरी सरासरी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथे उगम पावून पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीकडे जाणाऱ्या सावित्रीच्या खोऱ्यातही तीन हजार मिलिमीटरांच्या पुढेच पडतो. कारण भूगोलाच्या इतिहासात आहे. दख्खनचा काळा कातळ, ज्यातून रायगडाचा कडा आणि वरंध्याच्या धारा घडलेल्या आहेत, तो सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून साचला. आज हयात असलेल्या ब्रोमेलियाडांच्या शाखा मात्र दक्षिण अमेरिकेच्या गयाना पठारावर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी एकमेकींपासून फुटू लागल्या. म्हणजे ज्या काळी या कुळाचा विस्तार सुरू झाला, त्या काळी हिंदुस्थानची भूमी दक्षिणेकडील खंडांपासून सुटून, आशियाला येऊन भिडून, हिमालय उचलू लागलेली होती. मध्ये दोन महासागर होते, आणि ते ओलांडण्याचा योग आफ्रिकेतील त्या एका जातीखेरीज कोणालाही आला नाही.

मात्र आणखी एक गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे पावसाचे वेळापत्रक. अमेरिकेच्या ज्या अरण्यांत टाक्यांची ब्रोमेलियाडे भरभराटीस आली, तेथे वर्षाचा क्वचितच एखादा महिना पूर्ण कोरडा जातो. आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत आकाश फाटते आणि नंतर पुढच्या वळवापर्यंत सात-आठ महिने जवळजवळ थेंब पडत नाही. पानांच्या बुडाशी पाणी साठवून बसणाऱ्या झाडाचे टाके पौषातच तळाला जाईल. चैत्र-वैशाख कशावर काढायचा? म्हणून सह्याद्रीच्या फांदीवर ज्यांनी वस्ती केली त्यांनी पाणी उघड्यावर ठेवले नाही.

त्यांपैकी बाशिंग हे नेचा कुळातील झाड मला अमेरिकेतील टाक्याला आपल्या मुलखाने दिलेले खरे उत्तर वाटते. जुन्या आंब्याच्या किंवा ऐनाच्या आडव्या फांदीला तपकिरी लवेने झाकलेला त्याचा जाड कंद वेढा घालून बसलेला असतो, आणि त्यावर दोन प्रकारची पाने येतात. एक प्रकार लांब, हिरव्या, खोल कापलेल्या पानांचा. ही पाने पावसाळ्यात फुटतात, त्यांच्या पाठीवर बीजाणूंचे ठिपके उमटतात आणि उन्हाळ्यात ती झडून नुसत्या शिरा उरतात. दुसरा प्रकार आखूड, बिनदेठाच्या पानांचा. ही लौकरच सुकून बदामी आणि कागदासारखी होतात, परंतु गळत नाहीत. एकावर एक चढून ती फांदीशी एक उघडे कोंदण तयार करतात, आणि वरून पडणारी पाने, सालीचे तुकडे, पाखरांची विष्ठा, वाऱ्याने येणारी धूळ हे सर्व त्यात साचत राहते. असे एखादे सुकलेले पान हलकेच बाजूस सारून आत बोट घातले तर काळी, भुसभुशीत, ओलसर माती लागते, आणि त्या मातीत बाशिंगाचीच बारीक मुळे भिनलेली दिसतात. ब्रोमेलियाड पाणी साठवते, बाशिंग माती साठवते. फांदीवर जमीन नाही, म्हणून ते आपली जमीन आपणच तयार करते.

आमरींनी, म्हणजे ऑर्किडांनी, वेगळी तजवीज केली आहे. सीतेची वेणी म्हणून लोक जिला ओळखतात, त्या रिंकोस्टायलिस रेट्युसाची जाड मुळे हवेत लोंबतात किंवा सालीला चिकटतात. त्यांच्यावर मृत पेशींचा एक पांढरट थर असतो. कोरड्या दिवसांत मूळ रुपेरी दिसते. पहिल्या सरीचे पाणी पडले की तो थर क्षणात पाणी शोषून पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग उमटतो. ब्रोमेलियाडाने जे काम पानावरील शल्कावर सोपविले, तेच काम आमरीने मुळावरील या आवरणावर सोपविले, आणि दोन्ही ठिकाणी ते मृत पेशींच्याच हातून होते. डेंड्रोबियम बार्बाट्यूलम ही आमरी पावसाळा सरताच पाने टाकून देते आणि पाणी आपल्या फुगीर खोडांत राखून ठेवते; मग हिवाळ्याच्या अखेरीपासून, सारे रान वाळत असताना, त्या निष्पर्ण खोडांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. फादर सांतापाव आणि कापडिया यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील आमरींवरचा ग्रंथ चाळला, तर अशा तऱ्हेच्या किती जाती या घाटांत नांदतात, याची कल्पना येते.

या सर्वांविषयी एक गैरसमज दृढ आहे, आणि त्यापायी त्यांचे नाहक नुकसान होते. झाडावर वाढणाऱ्या प्रत्येक हिरव्या वस्तूला सरसकट बांडगूळ म्हणून कोयता लावण्याची रीत आहे. खरे बांडगूळ निराळे: ते फांदीच्या आत शोषक मुळे घुसवून तिचा रस पिते, आणि कलमी आंब्यावर ते वाढू दिले तर फांदी खचतेच, ते काढले पाहिजे. बाशिंग आणि आमरी मात्र सालीच्या बाहेरच राहतात. पेशव्यांच्या काळातील गावात मिरासदाराच्या बरोबर उपरी कुळे असत, त्यांचा जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क नसे, पण त्यांच्या राहण्याने मिरासदाराची मिळकत काही घटत नसे. झाडावरची ही वस्ती तशी उपऱ्यांची आहे. फांदी आणि प्रकाश यांखेरीज ती झाडाकडे काही मागत नाही.

पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासून रायगड म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात ही वस्ती कोठे दाट आणि कोठे विरळ, हे पाहू गेल्यास त्याचा संबंध थेट शेतीच्या शिरस्त्याशी लागतो. भाताचा दाढ तयार करण्यासाठी राब भाजायची पद्धत आहे, आणि त्यासाठी ऐन, किंजळ यांची कवळ दरवर्षी तोडतात. वारंवार छाटल्या गेलेल्या ऐनाला जुन्या, आडव्या, खडबडीत फांद्या उरतच नाहीत, आणि ज्या आमरीला बीजापासून फुलापर्यंत पोहोचायलाच कित्येक वर्षे लागतात तिला तेथे थारा मिळत नाही. म्हणून आमरी सापडतात त्या राबासाठी न तोडल्या जाणाऱ्या झाडांवर: घराजवळच्या रायवळ आंब्यावर, घाटातील दरीकडच्या बाजूस, आणि देवराईत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची जी पाहणी केली, तिने ग्रामदेवतेच्या धाकामुळे टिकलेल्या या रानांचे मोल शास्त्राच्या दप्तरात प्रथमच नीट नोंदविले. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करताना महाड-पोलादपूरच्या हद्दीत रस्त्याच्या कडेचे जे मोठाले वृक्ष पाडण्यात आले, त्यांची नोंद वृक्ष म्हणून झाली असेल. त्यांच्या फांद्यांवरच्या मातीची, त्या मातीतल्या मुळांची आणि मुंग्यांची गणती कोणत्याही पंचनाम्यात होत नाही, आणि नव्याने लावलेल्या रोपावर तशी वस्ती बसायला एक मनुष्यजन्म पुरत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते.

शहरांतील रोपवाटिकांत हल्ली ब्रोमेलियाडांच्या लाल-पिवळ्या तुऱ्यांच्या कुंड्या विकावयास असतात, आणि त्या घेण्यात वावगे काही नाही. मात्र त्यांच्या टाक्यात साचलेले पाणी आठवड्यातून एकदा ओतून नवे भरावे, कारण २०१६ मध्ये अमेरिकेतील मायामी शहरात झिकाची साथ आली तेव्हा शोभेच्या ब्रोमेलियाडांतही तो रोग पसरविणारे डास वाढताना आढळले होते. रानातील आमरी उपटून आणणे मात्र सर्वथा गैर आहे. परंतु वादळात मोडलेल्या किंवा तोडलेल्या झाडाची फांदी जमिनीवर पडली, तर तिच्यावरची बाशिंगे आणि आमरी सावलीत आणि पालापाचोळ्यात थोड्याच दिवसांत कुजतात, आणि त्या वाचवणे कोणालाही शक्य आहे. सालीच्या तुकड्यासकट त्या हलकेच सुट्या कराव्यात, मृगाच्या तोंडी जवळच्याच जुन्या आंब्याच्या किंवा जांभळाच्या फांदीवर, जेथे सकाळचे ऊन लागते पण माध्यान्हीचे लागत नाही अशा बाजूला ठेवाव्यात, आणि नारळाच्या काथ्याने फार न आवळता बांधाव्यात. खत घालू नये, माती लावू नये. भाद्रपदापर्यंत मुळांची हिरवी टोके सालीवर सरकू लागलेली दिसतात, आणि काथ्या पुढे आपोआप कुजून गळून जातो.